आधी सत्कार, मग शोधनिबंध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात विज्ञान अधिवेशनाचा ‘उत्साहात समारोप’ झाल्याची बातमी वाचली. उत्साह होता, नाही म्हणत नाही, पण तो भोजनमंडपात होता. समारोपाच्या दिवशी दुपारी चारनंतर मी वरच्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात बसलो होतो. तिथला उत्साह आपल्या बातमीदाराला दिसला नसेल, कारण तो तिथे नव्हता. तसं तिथे कुणीच नव्हतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी चिमूरकडे एका महाविद्यालयात शिकवते. तिच्या गावाजवळ विहीर खोदताना दोन लाव्हाथरांमधला गाळ लागला. त्यातला चर्टचा, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडाचा, एक तुकडा तिने जपून ठेवला. करड्या दगडात ‘फायसा’ या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे अंगठ्याएवढे शंख, एकावर एक पडलेले, आणि त्यातल्या एकाचे वेढे इतके स्वच्छ की नखाने मोजावेत. त्यावर तिचा निबंध होता. छापील कार्यक्रमपत्रिकेत वेळ होती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराची. प्रत्यक्षात प्रमुख पाहुणे उशिरा आले, उद्घाटन लांबलं, पहिल्या दिवसाची सत्रं दुसऱ्या दिवसावर गेली आणि दुसऱ्या दिवसाची तिसऱ्यावर. ही खबर कळवली कशी, तर दाराला सेलोटेपने चिकटवलेल्या एका कागदावर. सत्राध्यक्ष विमान गाठायला निघून गेले होते. त्यांच्या जागी बसलेले सद्गृहस्थ म्हणाले, “मॅडम, दोन मिनिटांत आटपून घ्या ना, हॉल खाली करून द्यायचा आहे.” मंडपवाल्यांची पोरं तोवर मागून खुर्च्यांचे कव्हर काढत पुढे येत होती. पोरीची दुसरी स्लाइड संपेपर्यंत पडदा बंद. दगड पिशवीतच राहिला. “जाऊ द्या सर,” ती मला म्हणाली, “सर्टिफिकेट तर मिळालं.”

मला नाही जाऊ द्यायचं.

मीही पूर्वी अशा समित्यांवर बसलो आहे, तेव्हा हे कसं होतं ते सांगतो. पहिली बैठक पाहुण्यांच्या तारखेवर जाते. दुसरीत मंचावर किती खुर्च्या आणि कोण कुणाच्या उजवीकडे, यावरून रुसवेफुगवे. मग बॅगेचा रंग, स्मृतिचिन्हाचा आकार, जेवणात भरीत ठेवायचं की पनीर. शोधनिबंधांचा विषय निघतो तेव्हा चहा झालेला असतो आणि निम्मे लोक उठलेले असतात. उरलेल्या वेळात कुणीतरी एक्सेलमध्ये निबंध भरून टाकतो. लग्नात आहेर आटोपल्यावर मुहूर्त शोधावा, तसला हा प्रकार.

आणि निबंध इतके येतात कुठून? यात समितीची अडचण खरी आहे, ती मी मान्य करतो. नोंदणी शुल्क भरणाराच निबंध वाचू शकतो, आणि मंडप-जेवणाचा खर्च बराचसा त्याच शुल्कातून निघतो. म्हणजे निबंध नाकारला की पैसे गेले. कोषाध्यक्ष तो नाकारू कसा देतील? त्यात २०१० साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचं कोष्टक आणलं. परिषदेत निबंध वाचला की गुण. तेव्हापासून ऐकायला येणारे कमी आणि वाचून प्रमाणपत्र घेऊन पळणारे जास्त झाले. सारांश तपासायला तज्ज्ञ असतात, कागदावर. ‘स्वीकृत’चा शिक्का सगळ्यांनाच. मग एकाच वेळी पाच-पाच खोल्यांत सत्रं लावा, प्रत्येकाला सात मिनिटं द्या, आणि वर पाहुण्यांचं बीजभाषण पाऊण तास वाढलं तरी घंटी वाजवायची कुणाची छाती नाही.

१९१४ साली कोलकात्यात भारतीय विज्ञान काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. शास्त्रज्ञ १०५, निबंध ३५, दिवस तीन. दिवसाला बारासुद्धा निबंध नाहीत. पुढे १९२० साली तेच अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं तेव्हा अध्यक्ष होते रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय. त्या काळाशी आजची बरोबरी करू नये, असं मला कुणी सांगेल. ठीक. मग आजचंच घ्या. अमेरिकन जिऑफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेची वार्षिक सभा डिसेंबरात असते, माणसं वीस हजारांच्या वर. कोणती सत्रं हवीत ते सभासदच सुचवतात, सारांश काही महिने आधीच घेऊन बंद करतात, आणि कोण कुठल्या दालनात किती वाजता बोलणार हे लोकांना घरून निघतानाच माहीत असतं. आपल्याकडे चारशे डोक्यांचं जमत नाही, कारण चारशेतल्या चाळीस जणांचा सत्कार करायचा असतो.

मला जास्त बोचलं ते वेगळंच. हिस्लॉप आणि हंटर या दोन पाद्र्यांनी आपल्या टाकळीचे, म्हणजे आज जिथे फ्लॅट उभे आहेत तिथले, जीवाश्म गोळा केले. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. तेव्हा लंडनला नागपूरच्या दगडांसाठी वेळ होता. नागपूरला नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या दगडासाठी नाही. स्थानिक निबंध सगळे शेवटच्या दुपारी, कारण ‘आपलीच माणसं आहेत, ती थांबतील’. काहून थांबावं त्यांनी? चिमूरची शेवटची बस कुणासाठी थांबते?

पुढच्या वर्षीच्या समितीने एवढं तरी करावं : बाहेरगावच्या, म्हणजे एसटीने येणाऱ्या लोकांचे निबंध पहिल्या दिवशी दुपारीच लावून टाकावेत, आणि उद्घाटन लांबलं तर सत्कार कापावेत, सत्रं नव्हे. सत्काराची शाल नंतर घरपोच देता येते.

आता थोडं आपल्याबद्दल. बातमीसोबत दीपप्रज्वलनाचा फोटो छापलात. मंचावरच्या अकरा जणांची नावं पदांसकट दिलीत, डावीकडून उजवीकडे. तीन दिवसांत कोण काय बोललं, त्यातली एक ओळ नाही. एका निबंधाचं शीर्षक नाही. माझ्या विद्यार्थिनीने तो दगड वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता आणि ते आपलंच होतं. या अधिवेशनात आपल्या पेपरचा विज्ञानाशी आलेला संबंध तेवढाच. मागच्या महिन्यातलं माझं अंबाझरीवरचं पत्रही आपण मधूनच कापलंत, त्यामुळे मी नेमकी कशाबद्दल तक्रार करतो आहे ते शेजाऱ्यांनाही कळलं नाही. हे पत्र कापायचंच झालं तर कृपया यूजीसीचा भाग कापा, एसटीचा ठेवा.

आपला,
भूगर्भशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
धरमपेठ, नागपूर