नवीन ड्रायव्हर टाकल्यापासून आवाज तुटतोय, 'बफर वाढवा' हे उत्तर नको

सपोर्ट टीमला नमस्कार,

तुमच्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसचा (माइक, गिटार कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याचा) नवीन ड्रायव्हर टाकल्यापासून रेकॉर्डिंग चालू असताना मधेच आवाज तुटतो, टक्क करून. त्याचं तिकीट टाकलं होतं, तर उत्तर आलं बफर साइज, म्हणजे एका वेळी किती सॅम्पल (आवाजाचे मोजलेले बारीक तुकडे) साठवून पुढे द्यायचे तो आकडा, 1024 करा आणि तिकीट बंद पण करून टाकलं. मला हे अजिबात मान्य नाही म्हणून परत लिहितोय.

एक तर बफर वाढवून काही फरक पडलेला नाही, 128 वर जी टकटक येते तीच 1024 वर पण येते. आणि समजा थांबली असती तरी 1024 वर गाणं रेकॉर्ड करायचं कसं? 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार सॅम्पल धरले तर, 128 सॅम्पल म्हणजे तीन मिलिसेकंदाच्याही आत, 1024 म्हणजे 21, आणि तेही आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, म्हणजे चाळीसच्या वर गेलंच. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून ऐकू येत असेल तर तो लयीत राहील का? डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटरमध्ये न जाता आवाज इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला) लावा म्हणाल तर गिटारवाल्याला त्यात नुसता कोरडा सिग्नल येतो, सॉफ्टवेअरमधल्या अँपचा आवाज येत नाही.

कॉम्प्युटर कमी पडतोय असंही म्हणू नका. रिकामा प्रोजेक्ट, एकच ट्रॅक, प्लगइन एकही नाही, तरी तुटतंय. सीपीयू मीटर खाली असला म्हणून सगळं ठीक असं नसतं हे मला माहितीये, एखादा दुसराच ड्रायव्हर प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून बसला तरी ऑडिओ तुटतो, म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ बंद केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, हब काढून थेट पोर्टला, केबल बदलली, सॅम्पल रेट विंडोजमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच ठेवला. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते दाखवणारं लेटन्सीमॉन चालू ठेवून रेकॉर्ड केलं, सगळं हिरवं, आणि तेव्हाही टक्क.

मग जुना ड्रायव्हर परत टाकला. त्याच मशीनवर, त्याच पोर्टला, 128 वरच, मोठमोठे टेक (सलग रेकॉर्डिंग) एकदम स्वच्छ. नवीन टाकला की परत तुटायला लागलं. यापेक्षा अजून काय पुरावा पाहिजे?

हा आवाज नुसता स्पीकरमध्ये येऊन गेला असता तर एवढं लिहिलं नसतं, पण तो फाईलमध्ये उतरतोय. टेक झूम करून बघा, वेव्ह नीट वर जात असते आणि मधेच कापल्यासारखी तुटून वेगळ्याच पातळीवरून पुढे सुरू होते, म्हणजे मधले सॅम्पल गायबच, आणि तेवढं पुढचं सगळं गाणं तालाच्या आधी सरकतं. क्लिक एडिट करून झाकता येतो, हरवलेला स्वर कुठून आणायचा? एखादी जागा मनासारखी लागलेली असते, ती गाणाऱ्याकडून परत तशीच येईल याची काही खात्री नसते, आणि तीच तुमच्या ड्रायव्हरने खाल्लेली असते. याचा खरंच फार त्रास होतो.

त्यात तुम्ही वेबसाइटवरून जुना ड्रायव्हर काढूनच टाकलाय. माझ्याकडे इन्स्टॉलर ठेवलेला होता म्हणून निभावलं, ज्यांनी आत्ता इंटरफेस घेतलाय त्यांनी काय करायचं?

तेव्हा जुना ड्रायव्हर आधी परत डाउनलोडला ठेवा, नवीन दुरुस्त होईपर्यंत तरी. तिकीट परत उघडा आणि ड्रायव्हर बनवणाऱ्या टीमकडे पाठवा, ठरलेलं उत्तर चिकटवणाऱ्याकडे नको. लेटन्सीमॉनचा रिपोर्ट, रिकामा प्रोजेक्ट आणि दोन्ही ड्रायव्हरवरचे टेक सोबत जोडलेत, ऐकून मगच उत्तर द्या. दुरुस्त करणार नसाल तर तसं लेखी कळवा आणि इंटरफेस परत घेऊन पूर्ण पैसे द्या.

तुमचा ग्राहक