कोंबड्यांना ऊब हवी की हवा?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

थंडी वाढताच खुराड्यात बल्ब लावा, हीटर ठेवा, असा सल्ला आपल्या शेतीविषयक पानावर वाचला. पिल्लांसाठी तो योग्यच आहे. पण लेखात पक्ष्यांच्या वयाचा उल्लेखच नव्हता आणि सगळा घोळ तिथेच होतो.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत न्यायचे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास अंगभर पिसे आली की ब्रूडरचे, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीचे, काम संपते. मोठ्या कोंबडीचे शरीर मुळात ४१ अंशांच्या आसपास असते. पिसे फुलवून ती त्यांत हवा धरून ठेवते, रात्री दांडीवर शेजारणीला खेटते आणि बोटे पोटाखाली झाकून घेते. म्हणून दांडी गोल व बारीक नको, बोटे सपाट टेकतील एवढी रुंद हवी. अंगाखाली झाकली गेलेली बोटे गारठत नाहीत. निजण्याआधी मूठभर मका मिळाला, की तो पचवताना रात्रभर अंगात ऊब राहते.

तिला त्रास होतो तो ओलीचा. विष्ठा आणि श्वास यांतून रात्रभर वाफ निघत असते. आपण मात्र माया म्हणून फटी बुजवतो, पडदे खालपर्यंत सोडतो. मग ती वाफ तुऱ्यावर बसते आणि कडाक्याच्या थंडीत तुऱ्याची टोके काळी पडतात. शिवाय खाली अंथरलेल्या ओल्या तुसातून अमोनिया सुटतो व श्वसनमार्ग बिघडतो. सकाळी दार उघडल्याबरोबर कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन पाहावे. डोळे चुरचुरले तर खुराडे गरजेपेक्षा जास्त बंद आहे. झरोके पक्ष्यांच्या डोक्याच्या वर असावेत आणि रात्रीही उघडे राहावेत. हवा खेळणे वेगळे, अंगावर झोत येणे वेगळे. झोत अडवा, हवा नको.

आता बल्बचे. २५० वॉटचा लाल बल्ब, खाली कोरडे तूस, सगळीकडे पिसांची धूळ आणि वर फडफडणारे पक्षी! तारेवर टांगलेला तो बल्ब एकदा खाली आला की आग लागायला वेळ लागत नाही. कोळशाची शेगडी तर बंद खुराड्यात नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. थंडीची सवय कोंबड्यांना हळूहळू होत जाते. आठवडे उबेत काढलेल्या पक्ष्यांची ऐन गारठ्यात वीज गेली, तर त्यांचे हाल थंडीला सरावलेल्या पक्ष्यांपेक्षा कितीतरी जास्त होतात.

‘हीटर लावला की अंडी वाढतात’ हा समजही त्याच लेखात डोकावतो. हिवाळ्यात अंडी घटण्याचे मुख्य कारण लहान झालेला दिवस. अंड्यांसाठी रोज १४ ते १६ तास प्रकाश लागतो आणि तो साध्या एलईडी दिव्यानेही मिळतो.

अपवाद आहेत. ऐन थंडीत पिसे झडलेली कोंबडी, आजारी पक्षी, सिल्कीसारखी लोकरी पिसांची जात, शून्याच्या बऱ्याच खाली गेलेल्या रात्री मोठ्या तुऱ्याची लेगहॉर्न. अशांना उष्णता द्यायचीच, तर भिंतीला पक्का बसवलेला सपाट पॅनेल हीटर घ्यावा आणि तोही एका कोपऱ्यापुरता, म्हणजे नको असेल त्या कोंबडीला दूर सरकता येईल.

एरवी वीज खर्चायचीच असेल तर ती पाणी गोठू न देणाऱ्या गरम भांड्यावर खर्चावी. पाणी गोठले की कोंबडी दाणे खाणेही कमी करते आणि अंगातली ऊब तिथेच कमी पडू लागते. फक्त ते भांडे निजायच्या जागेपासून दूर ठेवावे, नाहीतर सांडलेल्या पाण्याने तूस पुन्हा भिजते.

आपला,
एक कुक्कुटपालक वाचक