ऊर्जामंत्री साहेब, माझ्या शेडमध्ये पऱ्हाटीचे 62 टन पेलेट पडून आहेत

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी वणी तालुक्यातली शेतकरी बाई. पाच एकर कापूस, दोन एकर तूर. शिवाय पऱ्हाटीचे, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांचे, पेलेट (जळणाच्या दाबलेल्या कांड्या) करायचं छोटं युनिट टाकलंय. पत्र लिहायची मला सवय नाही, पण परवा संध्याकाळी जे बघितलं त्यानंतर झोप लागली नाही म्हणून लिहायला बसले. आमच्या शेजारच्या वावरात पऱ्हाट्यांचा ढीग पेटला. ज्यांनी पेटवला ते काका मागच्या वर्षी स्वतः बंडी जुंपून माझ्या शेडवर पऱ्हाटी टाकून गेले होते. त्यांचे टनाला 500 प्रमाणे दोन हजार रुपये अजून माझ्याकडे बाकी आहेत. मी धावत गेले, म्हटलं काका थांबा, पुढच्या आठवड्यात नेते. ते म्हणाले, "बाई, तू कुठं ठेवशील अन् पैसे कुठून देशील?" मला उत्तर देता आलं नाही. उभी राहून जाळ बघितला, दुसरं करणार काय.

आता हे का झालं ते ऐका. दोन वर्षांपूर्वी तालुक्याला मेळावा झाला होता. स्टेजवरून सांगितलं की शेतकरी आता फक्त अन्नदाता नाही, ऊर्जादाता होणार, कोळशाच्या वीज केंद्रात पऱ्हाटीचे पेलेट जाळणार, जेवढा माल कराल तेवढा उचलू. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. आणि हे नुसतं भाषण नव्हतं, कागदावर पण होतं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये धोरण काढलं की औष्णिक केंद्रांनी कोळशात 5 टक्के पेलेट मिसळायचे. मग 2023 मध्ये ते बदललं आणि 5 टक्क्यांची सक्ती 2024-25 वर नेली, 2025-26 पासून 7 टक्के ठरवले. वर्ष पुढं ढकलायला तुम्हाला एक कागद लागतो, आमचा हप्ता एक दिवस पुढं जात नाही.

मी नागपूरला सिरकॉटच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस संशोधन संस्थेच्या, जिनिंग केंद्रात जाऊन पऱ्हाटीचे पेलेट कसे करतात ते बघून आले. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून 24 लाखांचा प्रकल्प मंजूर झाला. माझा हिस्सा 5 टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार, त्यासाठी पोत गहाण टाकली, ती अजून तिकडंच आहे. 35 टक्के अनुदान मिळालं असं सगळे म्हणतात, पण ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं, हातात येत नाही हे कोणी सांगत नाही. हप्ता महिन्याला 31 हजार. मागच्या तीन महिन्यांचा थकला, सोमवारी नोटीस आली.

लोकांना वाटतं काडीकचरा टाकला की मशीनमधून पैसे पडतात. पऱ्हाटी चिमट्याने उपटावी लागते, तेव्हा मुळाला ढेकूळ येतं. ते झटकलं नाही तर माती डाय, म्हणजे पेलेट पाडायचा साचा, खाऊन टाकते. मला हे पहिला डाय घासून गेल्यावर कळलं. आता दोन बाया नुसत्या मुळं आपटायला बसतात, दिवसभर, तोंडाला फडकं बांधून, आणि संध्याकाळी त्यांच्या भुवया सुद्धा मातीच्या रंगाच्या झालेल्या असतात. मग कुट्टी, मग वाळवण, मग हॅमर मिलमध्ये भुसा, मग पेलेट. जानेवारी ते मार्च तीन महिनेच पऱ्हाटी मिळते आणि वीज केंद्राला माल पाहिजे बारा महिने, म्हणजे वर्षभराचा साठा शेतकऱ्यानेच करायचा, पावसापासून आणि आगीपासून त्यानेच जपायचा. मागच्या जूनमध्ये वादळात शेडचे चार पत्रे उडाले. भिजलेलं पेलेट तुम्ही कधी हातात घेतलंय का साहेब? फुगतं आणि त्याचा परत भुसा होतो. नऊ टन गेले. आम्ही नवराबायको रात्रभर टॉर्च लावून कोरडं आणि ओलं वेगळं करत होतो.

आणि मालात खोट आहे का? मी लॅबमध्ये तपासून घेतला. उष्मांक किलोला 4000 किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे आपल्या केंद्रात जो कोळसा जळतो त्याच्या बरोबरीचा. राख सहा-सात टक्के. आपल्या देशी कोळशात तर तिसरा हिस्सा राखच असते, ती राख कुठं जाते ते आमच्याकडच्या नद्यांना विचारा.

तरी माल का नाही गेला? एका वीज केंद्राचं टेंडर निघालं. रोज किमान 50 टन पुरवठा पाहिजे, मागच्या तीन वर्षांची कोटीतली उलाढाल पाहिजे, लाखांची अनामत पाहिजे. माझं मशीन आठ तासात चार टन काढतं. ज्या माणसाकडे कोटीची उलाढाल आहे तो पऱ्हाटी उपटणारा असेल का? तो व्यापारी असणार, आणि तसा एक आलाच. म्हणाला टनाला 4200 देतो, पैसे नव्वद दिवसांनी. मला तयार करायलाच साडेपाच हजार पडतात. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसात द्यायचा कायदा आहे ना आपल्याकडे? मी त्याला बोलून दाखवला, तो हसला.

माझा मुलगा डिप्लोमाला आहे, त्याने हिशोब काढला. 500 मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण चालला तर सात-आठ हजार टन कोळसा खातो. त्याचे 5 टक्के म्हणजे साडेतीनशे-चारशे टन. रोजचे! एकाच संचाचे! माझा दोन वर्षांचा अख्खा माल म्हणजे एका दिवसाचा पाव हिस्सा सुद्धा नाही. राज्यात 40 लाख हेक्टरच्या आसपास कापूस आहे, हेक्टरी दोन टन धरा, 80 लाख टन पऱ्हाटी झाली. थोडं कमीजास्त असेल, पण निम्मी धरली तरी केवढी! आणि ती जळतेय धुऱ्यावर. जी जळत नाही तिच्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. दरवर्षी कृषी खातं सांगतं फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कापूस उभा ठेवू नका, पऱ्हाटी काढून टाका. काढून टाकायची कुठं, ते सांगा ना. 2017 ला याच बोंडअळीने आम्हाला झोपवलं, त्याच साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यातली माणसं मेली. पऱ्हाटीला टनाला 500 रुपये मिळाले असते तर कोणी ती वावरात ठेवली असती का?

माझ्या घरासमोरून दिवसरात्र कोळशाचे ट्रक जातात. वरची ताडपत्री नावाला असते. रस्त्याकडच्या दोन ओळींतला कापूस वेचताना बोटं काळी होतात, व्यापारी बोंड हातात घेऊन म्हणतो माल मळका आहे आणि क्विंटलमागे पैसे कापतो. जमीन आमची गेली खाणीत, धूळ आमच्या पोरांच्या छातीत, राख आमच्या पाण्यात, आणि त्या कोळशाची वीज मुंबई-पुण्याला झगमगते. आम्हाला ओलिताला रात्रीची लाईन. या भागात वाघ आहे हे सगळ्या राज्याला माहीत आहे, तरी माझा नवरा रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला जातो आणि तो परत येईपर्यंत मी दारात बसून असते. ऊर्जादाता म्हणता ना आम्हाला? मग ऊर्जादात्याला दिवसा लाईन द्यायला काय हरकत आहे?

मला उपकार नकोत. टेंडरमध्ये रोज दोन टन, पाच टन देणाऱ्याला जागा ठेवा. उलाढालीची अट बचत गट आणि छोट्या युनिटला काढा. भाव ठरवून जाहीर करा आणि पैसे 45 दिवसात खात्यावर टाका. तालुक्याला एक साठवणुकीचं गोदाम द्या, कापसाला पणनचं असतं तसं. आणि कोणत्या केंद्राने मागच्या वर्षी किती पेलेट जाळलं ते केंद्रवार आकड्यात सांगा, टक्केवारी आम्ही काढू. माहिती अधिकारात अर्ज टाकून चार महिने झाले, उत्तर नाही.

सध्या शेडमध्ये 62 टन माल आहे. ओला वेगळा काढून टाकलाय, राहिलेला कोरडा आहे, पोत्यात भरून शिवलेला आहे. ओलावा तुमच्या माणसाने तपासावा, वजन तुमच्याच काट्यावर करावं. गाडी वणीपासून अर्ध्या तासात पोचते. मार्चच्या आधी पाठवा साहेब, कारण गावात अजून सतरा जणांच्या पऱ्हाट्या उभ्या आहेत आणि काकांचा जाळ त्या सगळ्यांनी बघितलाय.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. वणी, जि. यवतमाळ