भुलेश्वर, गुऱ्हाळ आणि सासवड

पुणे,
१४ मार्च

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एप्रिलमध्ये येतोस हे उत्तम. पण एका दिवसात पाच देवळे पाहण्याचा तुझा बेत मला मान्य नाही. दोन देवळे, वाटेतले एक गुऱ्हाळ आणि सावकाश जेवण एवढ्यावर दिवस सोपवावा, असे माझे मत आहे. सुधा आणि मी नुकतेच तसे जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाऊन उजवीकडे वळले, की पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीतला भुलेश्वरचा डोंगर लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे यादवकालीन शिवालय आहे असे मुळीच वाटत नाही, कारण उंच भिंती आणि वरचे घुमट नंतरच्या काळातले आहेत. आत शिरल्यावरही देऊळ लगेच दिसत नाही. अंधाऱ्या जिन्याने वर चढून गेले, की एकदम काळ्या पाषाणाचा भला थोरला नंदी समोर येतो. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने १६३४ मध्ये या डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला आणि देऊळ किल्ल्याच्या पोटात गेले. पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवणारा तो हाच, हे सांगितल्यावर सुधाने तटाकडे पाहून जो चेहरा केला, तो तू पाहायला हवा होतास!

मूर्तींचे म्हणशील, तर बहुतेक भंगलेल्या आहेत. कुणाला नाक नाही, कुणाचे हात कोपरापासून गेलेले. तरीही सुरसुंदरींच्या, म्हणजे भिंतीवर कोरलेल्या अप्सरांच्या, कमरेवरचे दागिने इतके नेमके कोरलेले आहेत, की तुटलेल्या भागाकडे लक्षच जात नाही. स्त्रीरूपातला गणपती, म्हणजे वैनायकी, उंचावर आहे. मान वर करून शोधल्याशिवाय ती सापडत नाही. पिंडीच्या पोकळीत ठेवलेल्या पेढ्यांतले काही देव खातो, अशी श्रद्धा आहे. मी पेढे नेले नव्हते, त्यामुळे यावर वाद घालणार नाही.

खाली यवतच्या आसपास उसाचे मळे आणि गुऱ्हाळे आहेत. वाळलेल्या चिपाडांच्या जाळावर काहिलीत रस उकळत असतो आणि वर येणारी मळी सतत काढून टाकावी लागते. ती नीट वर यावी म्हणून काही ठिकाणी अजून भेंडीचा चीक घालतात. रस दाटू लागला, की गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, थोडा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते बोटांनी पाहतो. त्याआधी उतरवला तर काकवी, गोळी जमली तर गूळ, आणि क्षण चुकला तर सगळी काहील वाया. घरून भाकरी नेऊन तिथल्या कोमट काकवीशी खावी. हॉटेलात ही चव मिळत नाही. पिवळाधमक गूळ मात्र घेऊ नकोस, तांबूस काळपट माग.

सासवडला संगमेश्वराचा घाट सुरेख आहे, पण कऱ्हेला पाणी नसेल तर फार वेळ थांबू नये. जेवायला ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या पावलोपावली आहेत आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी चूल कुठे असते, ते त्यांनाच ठाऊक. आम्ही पाटी नसलेल्या एका खानावळीत पिठले, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि दही असे जेवलो. अंजिरांचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळी हंगाम, चालू आहे. पुरंदरचे अंजीर ताजेच खावे, कारण दुसऱ्या दिवशी ते पार मऊ पडते.

जेजुरी त्याच वाटेवर आहे म्हणून तू हट्ट धरशील. धरू नकोस. खंडोबासाठी वेगळा दिवस काढू, तोही रविवार आणि सोमवती अमावास्या सोडून. आपण सकाळी साडेसहाला निघू, म्हणजे ऊन चढण्याआधी भुलेश्वरचे कोरीवकाम निवांत पाहता येईल. गाडीची तारीख कळली की कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर