मुलांना थोडं मागे जाऊ द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी बरीच वर्षं माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. दर वर्षी वर्गात एखाददुसरं मूल असं असतं, की बाकी सगळ्यात चमकतं आणि गणितात मात्र अडतं. त्या मुलांसाठी हे पत्र.

अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. इतिहासातली कारणं ती अशी उलगडून सांगायची की वर्ग ऐकत राहायचा. गणितात मात्र जेमतेम पास. घरचे म्हणत, "लक्ष देत नाही." ती म्हणे, "माझं डोकंच गणिताचं नाही."

त्या दिवशी समीकरण होतं : क्ष/3 + क्ष/4 = 7. तिने डाव्या बाजूला 2क्ष/7 लिहिलं. मी समीकरण बाजूला ठेवलं आणि विचारलं, 2/3 + 1/4 किती? क्षणाचाही विलंब न लावता तिने 3/7 लिहिलं. चूक आहे असं मी म्हटलं नाही. कागदावर शून्यापासून एकपर्यंत रेघ ओढली आणि 2/3 कुठे, 3/7 कुठे, ते दाखवायला सांगितलं. 3/7 ची खूण निम्म्याच्याही अलीकडे पडली. ती बराच वेळ रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी दोन तृतीयांशात भर घातली, आणि ते कमी कसं झालं?"

पुढचे तीन आठवडे आम्ही बीजगणिताला हात लावला नाही. फक्त अपूर्णांक केले. मग तेच समीकरण पुन्हा घेतलं. तिने लसावि 12 काढला, क्ष = 12 आलं, किंमत घालून ताळा केला : चार आणि तीन, सात. मला वाटलं आता खूश होईल. ती चिडली. "हे इतकी वर्षं मला कुणी विचारलं का नाही?"

महोदय, तिचा हा प्रश्न मी आपल्यापर्यंत पोहोचवते आहे.

हुशार मुलाची स्मरणशक्ती त्याचा कच्चा पाया झाकून ठेवते. पायऱ्या पाठ करून खालच्या इयत्तांत गुण मिळतात, म्हणून कुणी खोलात जात नाही. बीजगणितात पायऱ्या वाढतात आणि पाठांतर अपुरं पडतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली होती. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून पुढच्या शाळेतल्या बीजगणिताचा अंदाज येत होता. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. आपण मात्र अडलेल्या मुलाला चालू धड्याचीच आणखी उदाहरणं देतो. त्यात भीती बसली की गणित करताना लागणारी तात्पुरती स्मृती ही भीतीच अडवून धरते, आणि येत असलेलंही सुचत नाही.

माझी मागणी एकच आहे. नववीच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची गुण नसलेली तपासणी व्हावी : अपूर्णांक, भागाकार, ऋण संख्या, आणि बरोबरच्या चिन्हाचा अर्थ. हे शेवटचं वाचून आश्चर्य वाटेल, पण 8 + 4 = □ + 5 या चौकटीत 12 लिहिणारी मुलं मोठ्या वर्गांतही सापडतात. त्यांच्या लेखी त्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' एवढाच असतो. दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे मनात नसेल, तर समीकरण म्हणजे नुसती चिन्हांची फिरवाफिरव.

तपासणीनंतर मागे जायला वेळही द्यावा लागेल, आणि तेवढा अभ्यासक्रम त्या वर्षापुरता कमी करावा लागेल. नाहीतर पोर्शन संपवायच्या घाईत शिक्षक ते करूच शकणार नाहीत. मीही वर्गात करू शकले नाही, त्या मुलीला शाळा सुटल्यावर थांबवावं लागलं. एवढं करूनही ज्यांना संख्यांचा लहानमोठेपणाच उमगत नाही, अशा थोड्या मुलांची डिस्कॅल्क्युलियासाठी, म्हणजे संख्या समजण्यातल्या जन्मजात अडचणीसाठी, तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. सरसकट सगळ्यांवर तो शिक्का नको.

अशा तपासणीचे वीस प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. एका तासिकेत होतात. आपण सांगाल त्या दिवशी घेऊन येईन.

आपली नम्र,
एक गणित शिक्षिका