बातमी आधी की पेटंटचा अर्ज आधी?

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

नव्या यंत्रांच्या आणि ती घडवणाऱ्या तरुणांच्या बातम्या वृत्तपत्रे आस्थेने छापतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र अशा बातमीमुळे कधीकधी त्या संशोधकाचाच हक्क बुडतो, हे निदर्शनास आणून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी यांत्रिकी अभियंता. काही वर्षे यंत्रांचे आराखडे काढल्यावर कायद्याचे शिक्षण घेतले आणि आता संशोधकांचे पेटंट अर्ज तयार करतो.

मध्यंतरी एक तरुण दाब वाढला की आपोआप मिटणारी झडप घेऊन माझ्याकडे आला. सोबत चौकटीत बसवलेले एका वृत्तपत्राचे कात्रण होते. झडपेचा उभा छेद, आतल्या रबरी पडद्याची जागा, स्प्रिंग कोणत्या बाजूने दाबली जाते, सारे त्यात नीट दिलेले होते. कात्रण पाच महिन्यांपूर्वीचे होते आणि अर्ज कुठेच दाखल झालेला नव्हता. हे त्याला सांगताना मला फार जड गेले.

पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी तो जगात कुठेही जाहीर झालेला नसावा, आणि संशोधकाने स्वतः दिलेली मुलाखतही सहसा या नियमातून सुटत नाही. अमेरिकेत अशा प्रसंगी एक वर्षाची सवलत आहे. युरोपात ती जवळजवळ नाहीच. याउलट आधी अर्ज दाखल झाला असता, तर १८८३ च्या पॅरिस करारामुळे त्याच तारखेच्या आधारे पुढचे १२ महिने इतर सदस्य देशांतही अर्ज करता आले असते. झेरॉक्सच्या तंत्राचे जनक चेस्टर कार्लसन स्वतः पेटंट विभागात नोकरीला होते; त्यांची पहिली प्रत १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये उमटली, पण पहिला अर्ज त्यांनी १९३७ मध्येच केला होता.

आमचे काम नुसते फॉर्म भरण्याचे आहे, असाही समज आढळतो. त्या तरुणाने स्वतः लिहून आणलेल्या दाव्यात, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या क्लेममध्ये, ‘पोलादी स्प्रिंग’ असे शब्द होते. स्प्रिंगच्या जागी रबरी कडे बसवले तर झडप चालेल का, असे मी विचारले, तेव्हा तो क्षणभर थांबून ‘चालेल की’ म्हणाला. म्हणजे पहिल्या नकल करणाऱ्याने रबरी कडे बसवले असते आणि तो त्या दाव्याबाहेर राहिला असता. ‘लवचीक घटक’ म्हटले तर कुंपण रुंदावते, पण फारच रुंदावले की जुन्या झडपाही त्यात येतात आणि दावा टिकत नाही. ही सीमा कुठे आखायची, ते यंत्र आतून समजल्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणूनच अधिकाधिक अभियंत्यांनी या व्यवसायात यावे असे मला कळकळीने वाटते. सुदैवाने, पडद्यावर गाळ साचू न देणारी एक खाच त्याने बातमीनंतर शोधली होती. तेवढ्यापुरता अर्ज आम्ही दाखल केला.

आपणांस विनंती एवढीच, की अशी बातमी घेताना वार्ताहरांनी ‘पेटंटचा अर्ज दाखल झाला आहे का?’ असे विचारावे. उत्तर नकारार्थी आले, तर संशोधकाचे नाव, छायाचित्र आणि यंत्राचा उपयोग जरूर छापावा. आतली रचना आणि आकृती मात्र अर्ज दाखल होईपर्यंत राखून ठेवावी.

आपला विश्वासू,
एक पेटंट वकील