आधी छत, मग पॅनल : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

जय गुरुदेव!

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावचा ग्रामपंचायत सदस्य. पोट भरतो ते वायरमनकीवर. गावातले पंखे, कुलरच्या मोटारी आणि हल्ली सोलरची कामंही माझ्याकडेच येतात, म्हणून हे पत्र.

एप्रिलमधली गोष्ट. शाळा सकाळपाळीची होती. चौथीच्या वर्गातला पंखा बंद पडला म्हणून साडेदहाला मला बोलावणं आलं. शिडीवर चढलो, डोकं टिनाजवळ गेलं आणि भट्टीचं झाकण काढल्यासारखी झळ लागली. टेस्टर हातात धरवेना. कपॅसिटर बदलला, पंखा सुरू केला, खाली उतरलो. पंख्याखाली बसलेली पोरगी म्हणाली, "काका, बंद होता तेच बरं होतं." खरं होतं तिचं. वरची तापलेली हवा तो तिच्या डोक्यावर ओतत होता. शेजारच्या स्लॅबच्या खोलीवर सोलरचे पॅनल आहेत. त्यांच्यासाठी पैसा आला, या टिनासाठी नाही.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे सोलरचं अनुदान किलोवॉट मोजून मिळतं. पॅनल ज्या इमारतीवर बसतं ती वीज किती खाते आणि का खाते, हे कोणी विचारत नाही.

केंद्राची प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, जास्तीत जास्त ७८ हजार. योजना चांगलीच आहे, मी पॅनल बसवून दिलेल्या घरांची बिलं उतरलेली मी पाहिली आहेत. पण कवेलूच्या (कौलांच्या) छतावर पॅनल बसवायला कोणी धजत नाही. आमच्या गल्लीत एकाने त्यापायी चांगले कवेलू उतरवून टीन टाकले. पुढच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, घरात बसवेना, मग दुसरा कुलर आणला. आता पॅनलची बरीचशी वीज हे दोन कुलरच पितात. घरकुलांचंही तेच. घरकुल योजनेच्या मूळ १ लाख २० हजारांत टिनाशिवाय दुसरं काय येणार?

गावच्या इमारतींसाठी मी मागतो आहे ते नेट झिरो. म्हणजे इमारतीने वर्षभर जेवढी वीज वापरली तेवढी तिथेच तयार करायची. यात वापर कमी करणं हे पॅनल वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. शाळेतले आठ साधे पंखे सहा तास चालले की साडेतीन युनिट जातात, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे बीएलडीसी पंखे लावले तर दीड. एक किलोवॉटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला चार युनिट देतं. म्हणजे साधे पंखेच ते जवळपास सगळं खातात; आधी पंखे बदलले तर आमची शाळा एका किलोवॉटवर निभावते.

ऊर्जा दक्षता ब्युरोचं 'शून्य' नावाचं लेबल आहे. स्वतः तयार केलेली वीज वजा जाता चौरस मीटरमागे वर्षाला १० युनिटच्या आत राहणारी इमारत त्याला पात्र. मागे आमच्या शाळेचं बिल थकलं आणि वीज तोडली गेली. ते तीन महिने आम्हीही शून्यच होतो! ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता १०० किलोवॉट भाराच्या व्यापारी इमारतींपासून लागू होते, आमच्या शाळेत सगळी बटणं एकदम दाबली तरी दोन किलोवॉट भरत नाही. सूर्यघर फक्त घरांसाठी. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र मध्येच लोंबकळतात.

शाळेवरचे पॅनल कुठल्याशा योजनेतून आले होते. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी बॅटऱ्या फुगल्या. इन्व्हर्टर आता खडूचे डबे ठेवायला कामी येतो. माकडांनी ओढलेली वायर मी दोनदा जोडली, पैसे मागायचे कोणाला? एकतीस ते शंभर पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५ हजार, त्यातच खडू, झाडू, संडासाची सफाई आणि विजेचं बिल.

छत कसं असावं हे शिकायला आम्हाला लांब जावं लागत नाही. सेवाग्रामची गांधीजींची १९३६ सालची कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे, मे महिन्यातल्या दुपारी तिथल्या ओसरीत बसून पाहा. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे. कुंभाराच्या चाकावर घडवलेले पोकळ, निमुळते कवेलू एकात एक अडकवून कमानीचं छत करायची पद्धत त्यांनी वापरात आणली. पोकळीतली हवा ऊन अडवते आणि कुंभाराला काम मिळतं. मी ग्रामसभेत हे सुचवलं, तर उत्तर आलं, "दरसूचीत आहे का?" म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत.

तेव्हा शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि ग्रामपंचायत भवनासाठी वेगळं अनुदान काढा. पहिला हप्ता छताला, पश्चिमेच्या भिंतीवर सावली करणाऱ्या पडवीला आणि पंख्यांना. दुसरा पॅनलला आणि येणारी-जाणारी वीज मोजणाऱ्या नेट मीटरला. मे महिन्यात शाळा बंद असते आणि पॅनल जोरात असतं. ती युनिटं जमा राहून पावसाळ्यात वळती होतात. तिसरा हप्ता मात्र वर्षभराचं मीटर वाचल्याशिवाय देऊ नका. फोटो काढून बिल उचलणारे कंत्राटदार तिथेच गळतील. पाच वर्षांची देखभालही त्याच निविदेत घाला, डिस्टिल्ड वॉटरसकट.

एक अडचण लपवत नाही. बॅटरी नसलेलं सोलर लाईन गेली की बंद पडतं, आणि आमच्याकडे लाईन जाते. उपकेंद्रात लसीच्या फ्रीजपुरती बॅटरी ठेवावीच लागेल. शाळेचं तेवढं अडत नाही. छत थंड असेल तर पोरं तासभर पंख्याविना बसतात, टिनाखाली दहा मिनिटंही बसत नाहीत.

उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात. तोवर चौथीच्या वर्गाच्या टिनाला आम्ही चुना मारणार आहोत आणि आतून तुराट्यांचे तट्टे बांधणार आहोत. वर्गणी झाली आहे, चुना येऊन पडला आहे. वर्गात थर्मामीटर टांगला आहे, सध्या रोज दुपारी दोनचा आकडा वहीत लिहितो. चुना मारल्यानंतरचे आकडे आले की दोन्ही आपल्याला पाठवतो.

आपला,
एक ग्रामपंचायत सदस्य आणि वायरमन
जि. वर्धा